बंड्या आणि सव्वाआठची फास्ट

डोंबिवलीकराच्या घरात दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरचं, दुसरं लोकलचं. आमच्याकडे तिसरंही आहे, त्याला चार पाय आहेत. भागशाळा मैदानाजवळ पावसात कुडकुडणारं पिल्लू मुलीने दप्तरात घालून आणलं, तेव्हा "दोनच दिवस हं" असं ठरलं होतं. त्याला तीन वर्षं झाली.

डब्याची कडी टक् वाजली की बंड्या पलंगाखालून बाहेर येतो. किल्ल्या खुळखुळल्या की धापा टाकतो. बायकोची गाडी माझ्या आधीची, मुलगी शाळेत. त्यामुळे शेवटचं दार मी लावतो आणि पाठोपाठ असा गळा निघतो की जिन्यात लोक टोपी काढून उभे राहतील. मग चपला. त्यातही फक्त उजवी. सध्या माझ्याकडे डाव्या पायाच्या चार चपला आहेत, कुणाला हव्या असल्यास कळवावे. एकदा तर त्याने माझा तिमाही पास चावला. टीसीने तो उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं. "हे पंच कुणी केलं?"

"घरच्यानंच," मी म्हणालो.

संध्याकाळी बंड्या कान पाडून कोपऱ्यात. आम्हाला वाटे, चोराच्या मनात चांदणं. पण अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 साली दाखवून दिलं की कुत्र्याचा तो ओशाळा चेहरा गुन्ह्यामुळे नव्हे, मालकाच्या ओरडण्यामुळे होतो. काही न केलेलं कुत्रंही ओरडा खाल्ला की तसंच दिसतं. आमच्या ऑफिसात हा चेहरा दर सोमवारी सकाळी दिसतो.

"तो खोडकर नाही, घाबरतो," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात की परत येणार नाही असं त्याला वाटतं." रोज दारात लटकून जाणाऱ्याला ही भीती अगदीच खुळी वाटत नाही. उपाय सोपा निघाला: किल्ल्या उचला, पण जाऊ नका. डबा भरा आणि सोफ्यावर बसा. मग बाहेर जा, तो रडायच्या आत परत या; अर्धं मिनिट, एक, पाच. निघताना गळाभेटी नकोत. सकाळी त्याला पोटभर हुंगू द्या, हुंगून कुत्रं दमतं.

(भुंकण्याबद्दल त्या म्हणाल्या, कुरिअरवाला रोज येतो, बंड्या भुंकतो, कुरिअरवाला जातो. त्याच्या हिशेबाने मोहीम रोज फत्ते. वर गप्प बसावा म्हणून आपण बिस्किट देतो. म्हणजे पगार आपणच चालू केलेला.)

रविवारी बूट घातले, बॅग घेतली, बाहेर गेलो, दार ओढलं, तीसपर्यंत आकडे मोजले, आत आलो. सहाव्या खेपेला समोरच्या काकूंनी दार उघडलं.

"काय रे, भांडण झालं का घरात?"

"नाही काकू, सवय लावतोय."

"कसली?"

"माझ्या जाण्याची."

काकू काही बोलल्या नाहीत. अर्ध्या तासाने वाटीभर शिरा आला. "खाऊन घे. आणि भलतंसलतं मनात आणू नकोस."

या गोष्टीला दोन महिने झाले. दिवसा बंड्या काकूंकडे असतो, सराव माझ्या सुट्टीच्या दिवशी. आता तो चाळीस मिनिटं न रडता राहतो. म्हणजे ठाण्याला जाऊन त्याच पावली परत येण्याइतकी मोकळीक मिळाली आहे. माझं ऑफिस दादरला आहे.