शासन दाखलपात्र आहे का?

वाशिम जिल्ह्यात आसेगावचा पत्ता विचारला तर लोक आधी उलट विचारतात, कोणतं आसेगाव? एक रिसोडकडचं, आसेगाव पेन. दुसरं मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं. मी म्हणतोय ते ठाण्याचं. त्यामुळे चौकशी म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. पण ठाण्यातली चौकशी एका टेबलावर उरकते. अंगणवाडीतून पहिलीत निघालेल्या लेकराला मात्र सात टेबलं पार करावी लागतात, तीही वऱ्हाडातल्या एप्रिलात, जेव्हा चोरसुद्धा दुपारचे बाहेर पडत नाहीत.

गैरसमज नको. ‘पहिले पाऊल’ नावाचं हे शाळापूर्व तयारी अभियान २०२२ साली राज्यभर सुरू झालं ते चांगल्या कारणासाठी. करोनाच्या काळात अंगणवाड्यांना कुलूप होतं आणि अंगणवाडीचं तोंडही न पाहिलेली मुलं पहिलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. म्हणून एप्रिलात एक मेळावा, जूनमध्ये दुसरा, आणि मधल्या दिवसांत गल्लीगल्लीत आयांचे गट. हातात आयडिया कार्ड, समोर घरातलीच तुरीची डाळ, वाट्या, बटणं. मोजा, निवडा, लहान-मोठं लावा. यात हसण्यासारखं काही नाही. सरकारी उपक्रमात आईला कामाची समजणारा उपक्रम तसा विरळाच.

मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल कागद फाडून दाखवतं, घडी घालून दाखवतं (ही दोन्ही कौशल्यं पुढे सरकारी नोकरीत फार उपयोगी पडतात), उडी मारतं, गोष्ट सांगतं. सगळ्याची नोंद विकास पत्रावर होते.

अशाच एका मेळाव्यात नातवाचं बोट धरून आलेल्या एका आजीने सातव्या टेबलावर विचारलं, “बाई, लेकरू तयार हाये का, थे तुमी पायलं. शाळा तयार हाये का, थे कोन पायते?”

अहवालाच्या नमुन्यात या प्रश्नाला रकाना नव्हता, म्हणून तो तिथेच राहिला. मी तो उचलून आणलाय. माझी सूचना एवढीच की लेकरांचं झाल्यावर टेबलं लगेच आवरू नयेत. शासनालाही रांगेत उभं करावं आणि ते दाखलपात्र आहे का, ते तपासावं.

नोंदणीच्या टेबलावरच खोळंबा होईल. पालकांचं नाव? आई महिला व बालविकास विभाग, वडील शालेय शिक्षण विभाग. एकत्र राहतात का? नाही. सहा वर्षांपर्यंत ताबा आईकडे, नंतर वडिलांकडे. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरवर वजन-उंचीसह हजर असलेलं लेकरू शाळेच्या यू-डायस प्लसवर पुन्हा नव्याने जन्माला येतं. अंगणवाडीच्या ताईला ठाऊक असतं की हा भांडकुदळ नाही, याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पहिलीच्या गुरुजींना ते दिवाळीनंतर कळतं. जन्मतारीख? एकात्मिक बालविकास योजना, २ ऑक्टोबर १९७५. म्हणजे पन्नाशी ओलांडली, आणि स्वारी अजून बालवाडीतच.

शारीरिक विकास: या आवारातून त्या आवारात चालून दाखवा. बऱ्याच गावांत अंगणवाडी शाळेच्याच कंपाउंडात असते आणि लेकरू हे अंतर लंगडी घालत पार करतं. शासन २०२० पासून पाय उचलून उभं आहे. त्या वर्षीच्या शैक्षणिक धोरणाने सांगितलं की तीन ते आठ वर्षं हा एकच सलग टप्पा, पायाभूत. पाया एक, पण त्याचे गवंडी दोन, आणि दोघांचे मुकादम मंत्रालयात वेगवेगळ्या दालनांत. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा बोट धरतो तो सहाव्या वर्षापासून. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी तो म्हणतो की शासन व्यवस्था करू शकेल. ‘करू शकेल’ हे आमच्याकडे जावई म्हणतो तेव्हा सासरचे काय समजायचं ते समजतात.

आता भाषा. या टेबलावर जरा बसू या, कारण इथे शासनाने खरोखर कमाल केली. १६ एप्रिल २०२५ ला निर्णय निघाला की पहिलीपासून हिंदी अनिवार्य. राज्यभर ओरड झाली. १७ जूनला दुसरा निर्णय आला: अनिवार्य नाही, पण ‘सर्वसाधारणपणे’ हिंदीच, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं आणा. आमच्या खेड्यांत चारही वर्ग मिळून वीस मुलं भरायची मारामार! २३ जूनला, सोमवारी, विदर्भातल्या शाळा उघडल्या. आणि २९ जूनला, रविवारी, दोन्ही निर्णय रद्द होऊन समिती नेमली गेली. थोडक्यात, आसेगावच्या पोराच्या आयुष्यात तिसरी भाषा सोमवारी आली आणि पुढच्या सोमवारच्या आत परत गेली. एवढ्यात पाहुणासुद्धा हलत नाही. गंमत अशी की याच पोराच्या घरी कुणी वऱ्हाडी बोलतं, तांड्यावरचं असेल तर गोरमाटी, कुठे उर्दू. ‘पाणी प्यायला जाऊ का?’ हे पुस्तकी मराठीत कसं विचारायचं, या विवंचनेत ते पहिला आठवडा तहानलेलं बसतं. त्याच्यासाठी पहिलीतली पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा असते. त्यावर समिती नाही.

सामाजिक-भावनिक विकासात ‘वस्तू वाटून घेणे’ हा गुण पाहतात. इथे शासनाला पैकीच्या पैकी. ते अंगणवाडी ताईला सगळ्यांत वाटून घेतं. लसीकरणाला ती, वजनाला ती, निवडणुकीला ती. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायलाही तीच, अर्जामागे ५० रुपये. त्याआधी २०२१ मध्ये निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत करणारी तीच, आणि डिसेंबर २०२३ पासून मानधनासाठी संपावर बसलेली तीच. पूर्वशालेय शिक्षण हेही तिच्या कामांत आहे, असं योजनेच्या कागदावर लिहिलेलं सापडतं.

गणनपूर्व तयारीत लहान-मोठं ओळखायचं असतं. शासनाला ‘एक राज्य, एक गणवेश’ दाखवा. २०२४ मध्ये मापं वरून ठरली, कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली. कुठे गणवेश महिनोन्‌महिने पोचला नाही, कुठे पोचला तो पोराला की पोराच्या बापाला, असा प्रश्न पडला. डिसेंबरमध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. समितीतल्या आईला माप घ्यावं लागत नाही. ती नुसतं पाहून सांगते.

बौद्धिक विकासाचं टेबल वेळेअभावी रद्द समजावं.

राहिलं मार्गदर्शन. ते शासनाने जुन्या जाणत्यांकडून घ्यावं. काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी चालवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच विचाराने. धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून शाळा बुडवणारी थोरली बहीण त्याला कडेवर घेऊनच येई. तो पाळणाघरात, ती वर्गात. बालवाडीतून पहिलीत जाणं हा तिथे सोहळा नव्हता. आपल्याकडे तो आहे, कारण आपल्याकडे जोडणी नाही. म्हणून प्रवेशोत्सव: सजवलेली बैलगाडी, लेझीम, फुगे, गुलाबाचं फूल, कोऱ्या कागदावर रंगीत पावलाचा ठसा आणि साहेबांसोबत फोटो. पाय धुवायला पाणी मात्र आणावं लागतं.

दुसऱ्या दिवशी फुगे फुटलेले असतात. पोर बाकावरून उठतं आणि सरळ अंगणवाडीत जाऊन बसतं. “मले ताईजोळ बसाचं हाये.” पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातूनच शिकवायचं, असा ‘विद्याप्रवेश’ नावाचा कार्यक्रम एनसीईआरटीने करून ठेवलाय. तो उत्तम आहे. तो राबवायला दोन वर्ग एकत्र घेऊन बसलेले गुरुजी त्या वेळी प्रवेशोत्सवाचे फोटो अपलोड करत असतात, कारण फोटो नसेल तर उत्सव झालाच नाही, असं वरून कळवलेलं असतं.

शासनाच्या विकास पत्रावर सध्या ‘मदतीने जमते’ एवढाच शेरा मारून ठेवलाय. फेरतपासणी नियमाप्रमाणे जूनच्या दुसऱ्या मेळाव्यात व्हायची होती. पण निरोप आलाय की त्या दिवशी शासनाला जमणार नाही. मेळाव्याचं उद्घाटन आहे.