कार्डवाल्या वहिनी

"भविष्य नाही हो सांगत, मी चिंतन करते," हे कार्डवाल्या वहिनींचं पहिलं वाक्य. जुळे सोलापुरातल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक तरी सापडतील.

सकाळी देवपूजा आटोपून कुकर चढला की टॅरोचे 78 पत्ते पिसायचे, एक काढायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. शिट्ट्या सहा झाल्या तर चिंतन खोल गेलं असं समजायचं. डाळीचं काय झालं ते घरचे जाणतात.

हा जोड 1909 सालचा, लंडनचा. योजना वेटसाहेबांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वहिनी मात्र "बाईंनी काढलंय" एवढंच म्हणतात, जणू या बाई नव्या पेठेत राहतात. त्यांचा लाडका पत्ता सात नाण्यांचा : शेतकरी अवजारावर रेलून झुडपाला लागलेली नाणी न्याहाळतोय. अर्थ, धीर. आठ नाण्यांच्या पत्त्यात कारागीर मान खाली घालून एकेक नाणं ठोकतोय. अर्थ, मेहनत. "हा आपल्या पूर्व भागातला. माग सोडून चित्रात कसा आला कुणास ठाऊक!" एका पायानं उलटा लटकलेला माणूस निघाला की पाहुणे दचकतात. वहिनी समजूत घालतात, "चेहरा बघा की, किती शांत! नळाला पाणी यायची वाट बघायची सवय झालेला माणूस हाय."

फारच हळव्या पाहुण्यांसाठी ऑरॅकल कार्डं वेगळी ठेवलेली असतात. त्यात पत्ते किती असावेत याचा नियम नाही, आणि वहिनींच्या जोडात वाईट बोलणारा एकही नाही. शेंगाचटणीसोबत चालतात.

घरच्यांनी या चिंतनाचा आपापल्या परीनं फायदा करून घेतलाय. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मेहनतीचा पत्ता निघाला की नवं वेळापत्रक आखतो, धिराचा निघाला की झोपतो. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा डाव, हे कळल्यापासून दादांच्या रमीला इतिहासाचं पाठबळ मिळालंय. सासूबाई तेवढ्या अजून विरोधी पक्षात. "आमच्या येळंला चिठ्ठी पोपट काढायचा. त्याला चार दाणे टाकले की गप बसायचा. ही अर्थ सांगत बसती."

परवा मीही एक प्रश्न विचारला. दादांनी रमीसाठी माझ्याकडून पाचशे रुपये उसने नेलेत, ते कधी मिळतील? खरं तर हा प्रश्न दादांना विचारायचा, पण ते पेपरात तोंड घालून बसले होते. वहिनींनी डोळे मिटले, पत्ते पिसले, एक उलटला. सात नाणी!

"बघा भावजी, झाडाला लागलीत," वहिनी आनंदानं म्हणाल्या, "पिकली नाहीत अजून, एवढंच."