वाळवंटी बाल्कनीत अ‍ॅगापँथस: एक शास्त्रशुद्ध पद्धत

अ‍ॅगापँथस मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. पट्ट्यासारखी लांब पानं, त्यांतून सरळ वर जाणारा देठ आणि टोकाला निळ्या फुलांचा झुबका. मदेइरा बेटावर तो रस्त्याच्या कडेला आपला आपण फुलतो. न्यूझीलंडात तर काही भागांत लोक त्याला तण म्हणून उपटतात. अशा आडदांड झाडाला शारजात सातव्या मजल्यावर नांदवायचं, तर यजमानाच्या अंगी शिस्त हवी.

पाकिटावर ‘भरपूर ऊन’ असं छापलेलं असतं. छापणाऱ्याच्या देशात त्याचा अर्थ स्वेटर काढून ठेवण्याइतकं ऊन, एवढाच. ती ओळ खोडावी आणि मग लागवडीला लागावं. ऑक्टोबर संपता संपता सुरुवात करावी. खाली मैदानात फुकट मिळणारी वाळू कुंडीत भरू नये, तिच्यात खारटपणा असतो. कुंडी लहानच घ्यावी. मुळांची दाटी झाली की हे झाड जास्त फुलतं. दुबईच्या करामा भागात बेडस्पेसमध्ये, म्हणजे दाटीच्या खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, उमेदवारी केलेल्यांना हे तत्त्व वेगळं समजावून सांगायला नको.

खरा अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू होतो. गच्चीवरची टाकी तापते आणि ‘गार’ नळाला कढत पाणी येतं. घराघरांत तेव्हा गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात. त्यावर पहिला हक्क झाडाचा; उरलं तर घरच्यांनी आंघोळ करावी. ऑगस्टच्या दमट हवेत एसीच्या नळीखाली बादली ठेवावी. ते पाणी क्षारमुक्त असतं, शिवाय खालच्या मजल्यावर ठिबकलं म्हणून नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, वर येत नाही.

आता उन्हाचा प्रश्न. 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, मजुरांकडून उघड्यावर काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. कायद्यात कुंड्यांचा उल्लेख नाही, पण भल्या मालकाने झाडाला हॉलमध्ये घ्यावं. अडचण इतकीच, की आत उजेड कमी पडतो म्हणून फूल येत नाही. बाहेर उजेड पुरतो, पण झाड उरत नाही. यावर उपाय म्हणून कुंडीला चाकं लावावीत. हताश होऊ नये. 2013 साली उघडलेली दुबईची मिरॅकल गार्डनसुद्धा, एवढा पैसा आणि एवढे माळी असून, दर उन्हाळ्यात फाटकाला कुलूप लावते.

जुलैत शाळांना सुट्टी लागली की आपण पुण्याला, झाड शेजारच्या मल्याळी ताईंकडे, म्हणजे चेचींकडे. जाताना लेखी सूचना द्याव्यात. चेची त्या वाचणार नाहीत. परतल्यावर त्यांच्या कढीपत्त्याकडे पाहणं टाळावं, मनोबल खचतं.

हिवाळ्यात बाल्कनीत खुर्ची टाकून बसण्यासारखी हवा येते, पानं तरारतात आणि फुलाची वाट पाहणं सुरू होतं. व्हिडिओ कॉलवर काकू विचारतील, “कांद्याची पात लावलीस होय रे?” दुखावू नये. कांदा, लसूण आणि अ‍ॅगापँथस हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातले, तेव्हा काकूंचं निदान बरंच जवळचं आहे. फक्त त्या इकडे राहायला आल्या की कुंडीवर नजर ठेवावी. झुणक्यात ही पात चालत नाही. तिच्या रसाने तोंडात आग होते.