वकीलकाका

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मराठी घरांत भिंतीवरून, भाडेकरूवरून किंवा भावावरून वाजलं, की माणूस काकांचा जिना चढतो. वर एक खोली. खोलीत फायली आणि फायलींच्या मागे कुठेतरी काका. कोट मूळचा काळा. उन्हात आता हिरवट दिसतो.

घराणं उदगीरकडचं. निझामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू, म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात रामरक्षा आणि अलिफ-बे बरोबरीनं चालत. काका शिकले विवेकवर्धिनीत. केशवराव कोरटकर, वामन नाईक या मंडळींनी 1907 साली काढलेली ही शाळा. कोरटकर आधी नामांकित वकील, पुढे हायकोर्टाचे जज्ज. काकांनी त्यातला पहिला अर्धा तेवढा गिरवला.

उर्दू हेच त्यांचं भांडवल. इथले जुने जमिनीचे कागद उर्दूत, वर सन फसली, म्हणजे निझामी काळातलं महसुली साल. तेलुगू माध्यमातून आलेले तरुण वकील ते घेऊन काकांकडे धावतात. काका 1358 वाचतात, 590 मिळवून इसवी सन काढतात आणि 'पोलीस ॲक्शनचं साल' म्हणून मान डोलावतात. मग नखानं ओळ धरून उजवीकडून डावीकडे वाचत जातात, मध्येच थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात.

"वा! काय हस्ताक्षर आहे!"

अशिलाची जमीन नेमकी त्याच ओळीत गेलेली असते.

प्रॅक्टिस सगळीकडे. पुरानी हवेलीच्या सिटी सिव्हिल कोर्टात दावे, मुसीकाठच्या हायकोर्टात अपिलं. त्या 1920च्या इमारतीचे घुमट दाखवताना काका ती आपल्याच वडिलांनी बांधल्यासारखे बोलतात. 1956 साली ते आंध्र प्रदेशचं हायकोर्ट झालं, 2014 नंतर हैदराबादचं आणि 2019 पासून तेलंगणाचं. काकांच्या पाटीवरचं हायकोर्ट दोनदा खोडून रंगवलं. तेवढ्या काळात एका अशिलाचा सामायिक भिंतीचा दावा मात्र तसूभर हलला नाही. भिंत पडली, दावा उभा आहे.

"वकीलसाब, फैसला कब आता?"

"आता जी. तारीख तो आ गई ना!"

एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. काकांच्या लेखी ते लग्नपत्रिकेतल्या 'कृपया आहेर आणू नये'सारखं आहे.

सुप्रीम कोर्टात ते एकदाच गेले. रात्रभर रेल्वेत मुद्दे काढले. तिथं सीनियर वकिलाच्या मागे उभे राहिले, तोंड उघडणार तोच अर्ज फेटाळला गेला. तेव्हापासून दिल्लीत कायद्याची जाण उरलेली नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

घरी मात्र काकांचं काही चालत नाही. काकू कॅव्हेट लावल्यासारख्या आधीच दारात उभ्या असतात. गेल्या वर्षी शेजाऱ्यानं पन्हाळीचं पाणी काकांच्या अंगणात सोडलं. आम्हाला वाटलं, आता तीन पिढ्यांची सोय झाली. काकांनी त्याला वर बोलावलं, चहा पाजला, प्लंबरचा खर्च निम्मा-निम्मा ठरवला आणि संध्याकाळपर्यंत पन्हाळ फिरवून घेतली.

"काका, दावा नाही लावला?"

"वेडा आहेस का? कोर्टात किती वर्षं जातात, ठाऊक आहे?"

गौलीगुड्यात गेलात तर काकांकडे जरूर चहा घ्या. फक्त घराचे कागद बरोबर नेऊ नका.