मागच्या ट्रॉलीबाईंस खुले पत्र

श्रीमती मागच्या ट्रॉलीबाई,
मु. पो. डांबरी रस्ता, जिल्हा अहिल्यानगर, यांस



परवा रात्री राहुरीच्या पुढे आपली गाठभेट थोडक्यात हुकली. मी मोटरसायकलवर होतो, समोरून येणाऱ्या ट्रकचा फोकस डोळ्यांवर होता आणि आपण टायर फुटून रस्त्यातच उभ्या होतात. मला आधी दिसला तो उसाच्या वाढ्यांचा झुबका, तोही तोंडापासून दोन हातांवर. मी गाडी आडवी घातली, गुडघा फुटला, एवढ्यावर भागलं. आपल्या पाठीवर दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, नंबरही नव्हता. त्यामुळे तो ऊस कुठल्या कारखान्याला चालला होता ते मला कळलं नाही, आणि मी उसाखाली गेलो असतो तर पंचनामा करणाऱ्यांनाही कळलं नसतं.

असो. पत्र लिहितोय ते आभार मानायला. गावातून जाणाऱ्या वाहनांचा वेग कमी व्हावा म्हणून परदेशात रस्ता मुद्दाम अरुंद करतात, मधे झाडं लावतात, वळणं देतात. केवढा तो खर्च! आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यात गव्हाणीची पूजा झाली, मान्यवरांनी उसाची मोळी टाकली, की हे सगळं काम चार-पाच महिने आपण फुकट करता. आपण बंद पडलात की भोवती दगड मांडले जातात. टायर बदलून आपण निघून जाता, दगड मात्र सेवेत कायम राहतात. नगर-मनमाड रस्त्याचे ठेकेदार बदलले, दगड बदलले नाहीत. रात्री शिर्डीला चालत निघालेल्या साईभक्तांनाही ते अनवाणी पायाला भेटतात.

आता गतिरोधकाचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि वर पट्टे रंगवलेला असतो. आमचा गतिरोधक अपघात, रास्ता रोको आणि आश्वासन या क्रमाने जन्माला येतो. त्याला उंचीचं बंधन नाही आणि रंग माहीत नाही. तोही शाळेजवळ असतो, कारण मुलांच्या सुरक्षिततेसाठीच तो केलेला असतो. तिथे आपली गाडी मंदावते. आणि मुलं तिथेच दबा धरून बसलेली असतात, ऊस ओढायला.

ओढलेला ऊस विकतच्यापेक्षा गोड लागतो, हे मान्य. थोरामोठ्यांनाही त्यात मौज वाटते, टपरीवरून हसत बघतात. पण बाई, पोरगं पुढच्या ट्रॉलीच्या मागे धावतं. ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली, आता रस्ता मोकळा, असं त्याच्या मनात असतं. आणि मग मधल्या दांड्याला नुसत्या पिनेने अडकवलेली, डुलत, झोलत, येतेस तू! तुला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही. त्याला फक्त उसाची भिंत दिसते आणि टेपवरचं गाणं ऐकू येतं. कोणी ओरडलं तरी त्याच्या कानावर जाणार आहे का? कसल्या आनंदात ही माणसं टपरीवर हसतात?

हा तोच जिल्हा, जिथे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवली. आज इथे साखरेचा उतारा दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत मोजतात. जळिताच्या उसाला कपात लागते, त्यात हयगय नाही. मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यात मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर सांगितलेले आहेत. ते मोजायला मात्र काटा नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं तेव्हा साहेब, संचालक आणि एक चकचकीत ट्रॉली यांचा फोटो निघतो. तिच्यावरच्या रिफ्लेक्टरच्या पट्टीवर दोन खेपांत चिखल बसतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या रंगल्या, तेव्हा रंगाचे डबे कमी पडल्याचं कोणी म्हणालं नाही.

रागाच्या भरात मी आपल्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालायला उठलो होतो. तो बॅटरी घेऊन पळत आला. "दादा, लागलं का?" म्हणाला, आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं. पाथर्डीकडचा पोरगा, मिसरूडही धड फुटलेलं नाही. आदली रात्र त्याने गव्हाणीपुढच्या रांगेत काढली होती, आपल्याच खाली पोतं अंथरून. पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, उचल आधीच घेतलेली, म्हणून एकाला दोन ट्रॉल्या. गाणं मोठ्याने लावतो ते झोप येऊ नये म्हणून. त्याच्यावर कसला राग काढणार? आणि आपल्यावर तरी? आपण स्वतःहून कुठे जाता? जोडतील तिकडे ओढल्या जाता, फळ्या तुटेस्तोवर भरल्या जाता, आणि मोळी टाकायच्या दिवशीचा हार तेवढा पुढच्या ट्रॅक्टरला.

तेव्हा आपल्याकडे मागणं काहीच नाही. एक निरोप तेवढा कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचवा, कारण तिथे आपलं जाणं-येणं असतं. काट्याच्या खिडकीवर खडूने एक ओळ लिहायला सांगा: मागे दिवा नाही, तर वजन नाही. अभियान नको, फोटो नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नगरपासून कोपरगावपर्यंत एकाही दुकानात लाल दिवा शिल्लक राहणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागून येणारा