निजलेला नकाशा

आमच्या सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती निजलेला आहे. आधी तो उभा होता, मग आडवा झाला, असं आमच्याकडे सांगतात. पण त्याला पुन्हा उभं करावं असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही. माझा भाचा मात्र नागपूरला आर्किटेक्चर शिकतो. निजलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. पोळ्याच्या सुटीत तो सौंसरला आला, मामाला माडी चढवायची आहे हे ऐकलं, आणि त्यानं माझ्या आईच्या पेटीतून घराचा नकाशा बाहेर काढला.

नकाशा १९७१ सालचा. आठ घड्या पडलेला, घड्यांवरचे आकडे पुसलेले. कोपऱ्यात लिहिलेलं, १ इंच = ८ फूट. म्हणजे चाळीस फुटांचं आमचं घर पाच इंचांत बसवलेलं. खोल्यांची नावं हिंदीत, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमच्या घरांना दोन नावं असतात. कागदावर 'रसोई', चुलीजवळ सैपाकघर. भाच्यानं संगणकावर तिसरं दिलं, 'किचन'. आई म्हणाली, "नावं ठेवा कितीई, भांडे मलेच घासा लागते."

मी म्हटलं, टेप आणू का? "कशाला मामा, स्केल आहे ना!" त्यानं मोबाइलवर फोटो काढला, लॅपटॉपवर स्केचअप नावाचा प्रोग्राम उघडला, फोटो तळाशी अंथरला. आता संगणकाला एक खरं माप सांगायचं, बाकीचं तो त्याच हिशेबात ताणून घेतो. भाच्यानं पुढचं दार निवडलं, कारण दार तीन फुटांचं हे त्याला पाठ होतं. इथंच घात झाला. या स्केलवर सगळं ९६ पट लहान असतं. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर ४८ मिलिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दोन इंच. दार रेघेच्या आतून मोजलं की बाहेरून, एवढ्यावरून दोन इंच इकडे-तिकडे. आणि तीन फुटांत दोन इंच चुकले की चाळीस फुटांत सव्वादोन फूट. आमचं घर शेजाऱ्यांच्या आवारात शिरलं. सौंसरात एवढ्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

भाचा शहाणा आहे. त्यानं दार सोडलं आणि घराची सगळी लांबी धरली. लांब माप घेतलं की रेघेच्या जाडीची चूक तेवढ्यात विरून जाते. "पण मामा, खरं तर कागद मोजूच नये," तो आता म्हणाला. "लिहिलेला आकडा असेल तोच धरायचा. कागद पावसाळ्यात फुगतो, झेरॉक्समध्ये आकसतो." हे शहाणपण त्याला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेलं निघालं. आम्हालाही पहिल्या वर्षी बरंच शिकवलं होतं.

मग भिंती गिरवणं सुरू झालं. बाहेरच्या नऊ इंची, आतल्या साडेचार इंची. गिरवून झालं की त्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि वर ओढायचं. पापड फुगावा तशी भिंत उभी राहते. वडिलांना त्याच भिंतींना दोन उन्हाळे लागले होते. पण ओढायची कुठवर? नकाशा उंचीबद्दल एक अक्षर बोलत नाही. नकाशा म्हणजे घर साधारण चार फुटांवर करवतीनं आडवं कापलं आणि वरून वाकून पाहिलं, तर दिसेल ते. खिडक्या दिसतात, कारण करवत त्यांच्यातून गेलेली असते. झरोका दिसत नाही, पितळी डब्यांची फळी दिसत नाही, बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या दिसत नाहीत. म्हणजे घरात मान वर करून जे जे पाहावं लागतं ते सगळं गळालेलं. उंची दाखवणारा दुसरा कागद होता, तो वाळवीनं पास केला.

भाच्यानं अंदाजे दहा फूट धरले, दारा-खिडक्यांचं डोकं सात फुटांवर छाटलं. आता नुसती फरशी भरायची राहिली. ती भरेना. या प्रोग्रामात रेघांचं कुंपण चहूबाजूंनी मिळालं तरच आत जमीन तयार होते. केसाएवढी फट राहिली तरी नाही. भाचा तासभर फट शोधत होता. ती मागच्या कोपऱ्यात सापडली. तिथं दोन भिंती एकमेकींच्या जवळ येत होत्या, पण भेटत नव्हत्या. एका घरातल्या दोन जावांसारख्या, असं मी म्हणणार होतो. पण स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं.

शेवटी टेप आणला. घर काटकोनात आहे का हे पाहायचा गवंड्यांचा साधा उपाय म्हणजे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर ठीक. आमचे अकरा इंचांनी वेगळे भरले. भाच्याचा चेहरा पडला. पन्नास वर्षं आम्ही तिरप्या घरात सरळ वागत होतो, हे मलाही नवीन होतं.

"त्या कोपऱ्यात काकूचा कडुनिंब होता ना," आई पदराला हात पुसत म्हणाली. "मिस्त्री गुण्या लावून बसला, का मुळी तोडाच लागते. तुह्या आजोबानं म्हटलं, भिंत सरकव. नक्शा तं पास झालता, मग कागद कोन बदलते?"

म्हणजे पास झालेलं घर कधी बांधलंच गेलं नाही, आणि बांधलेलं घर कधी पास झालं नाही. आता खेड्यांत स्वामित्व योजनेचे ड्रोन येऊन वरून घरं टिपून जातात. त्यांनाही दिसतात ती कवेलू आणि झाडांचे शेंडे. कडुनिंबाखालची भिंत का वाकली हे विचारायला ड्रोन खाली उतरत नाही.

भाच्यानं कोपरा सरकवला. फरशी भरली. तो निंबही आता नाही. पण त्यानं संगणकातल्या तयार झाडांतून एक काढून तिथं लावलं. झाड बर्फाच्या देशातलं दिसत होतं. आईनं ते आधी काढायला लावलं. मग बंगई कुठं आहे ते विचारलं. तिनं हातानं उंची दाखवली, भाच्यानं ती टेपनं मोजली आणि कड्या टांगल्या. दार नकाशात आत उघडत होतं. बंगईला लागतं म्हणून ते बाहेर उघडायला लावलं होतं, तेही दुरुस्त झालं.

सगळं झाल्यावर त्यानं घर गोल फिरवून दाखवलं. पुढून, मागून, मग आतल्या खोल्या नीट दिसाव्यात म्हणून वरचा स्लॅब उचलून बाजूला ठेवला. बाहेर पोळ्याची झड लागली होती. आई चष्मा पुसून जवळ आली, बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"छत ठेव बापा आधी," ती म्हणाली. "पानी येऊन राह्यला."