पात्यांची फुगडी

आंतरगुंफित पात्यांचे हेलिकॉप्टर पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो: "अहो, लागेल ते!" डोक्यावर शेजारी शेजारी दोन खांब, दोघेही बाहेरच्या अंगाला कललेले. प्रत्येकावर लांबलचक पाती, आणि एकाची पाती खुशाल दुसऱ्याच्या डोक्यावरून फिरणार, तीही उलट्या दिशेने. उभे असताना हे यंत्र होऊन गेलेल्या अपघातासारखे दिसते आणि उडताना होऊ घातलेल्या.

मुळात हेलिकॉप्टर ही जातच भांडकुदळ. वरची पाती एका बाजूला फिरू लागली की खालचे धड हट्टाने दुसऱ्या बाजूला वळू पाहते. बहुतेक हेलिकॉप्टरे यावर शेपटीला एक छोटा उभा पंखा लावून वेळ निभावतात. त्या पंख्याविषयी मला नेहमीच कणव वाटत आली आहे. तो इंजिनाची शक्ती खातो, पण वजन म्हणून तसूभरही उचलत नाही. दुसऱ्याचे डोके फिरते आहे म्हणून धड फिरू नये, एवढेच पाहत त्याने जन्म काढायचा. यापेक्षा दोन मोठे पंखे उलटसुलट फिरवावेत, म्हणजे तंटा आपोआप मिटतो. आपल्या हवाई दलाच्या चिनूकमध्ये ते पुढे-मागे असतात, नौदलाच्या कामोव्हमध्ये एकावर एक. अँटोन फ्लेटनर नावाच्या जर्मन गृहस्थाने मात्र ते अगदी खेटून, शेजारी बसवले.

हे चित्र पाहिले की मला नागपंचमीचे अंगण आठवते. माझ्या दोन मावश्या पावलाला पाऊल भिडवून, हात घट्ट धरून, मागे रेलत फुगडी घालायच्या. पावले जवळ, डोकी लांब. फ्लेटनरच्या दोन खांबांचा कोन नेमका तसाच. वेण्या भन्नाट भिरभिरायच्या आणि कडेला उभी असलेली आजी "अगं, पडाल!" म्हणत स्वतःच डोळे मिटून घ्यायची. मावश्यांना सावरत होते ते गुंफलेले हात; इथे ते काम दातेरी चाके करतात. दोन्ही खांब एकाच गिअरबॉक्समधून निघतात, आणि चाकांची जुळणी अशी की एकाचे पाते दुसऱ्याच्या डोक्यावर येईल तेव्हा दुसऱ्याचे तिथून निघून गेलेले असते. याला समजूतदारपणा म्हणावे की निव्वळ सक्ती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

फ्लेटनरला फिरणाऱ्या वस्तूंचे वेडच होते. १९२०च्या दशकात त्याने 'बुकाऊ' नावाच्या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच फिरती नळकांडी उभी केली, आणि ते जहाज अटलांटिक पार करून गेले. १९३९ साली त्याचे पहिले आंतरगुंफित हेलिकॉप्टर उडाले. त्या पहिल्या नमुन्याची पाती तीन महिन्यांत हवेतच एकमेकांवर आदळली, म्हणजे 'लागेल ते' म्हणणारे अगदीच खोटे नव्हते. पण तो नेटाने पुढे गेला आणि १९४१ साली 'कोलिब्री' उडाली. हिच्यातला वैमानिक पुढे जवळजवळ उघड्यावर बसे आणि टेहळणीदार मागे, शेपटीकडे तोंड करून. कुठे चाललो आहोत हे एकाने पाहायचे आणि कुठून आलो हे दुसऱ्याने. हजार कोलिब्री बांधायचे ठरले होते; बॉम्बहल्ल्यांनी कारखाना गाठला आणि बनल्या जेमतेम चोवीस.

या गोष्टीत हसू जरा थबकते. फ्लेटनरची पत्नी ज्यू होती, आणि त्याचा सहकारी कुर्ट होहेनएम्सर याचे वडीलही ज्यू. नाझी पुढारी हिमलरशी असलेल्या ओळखीमुळे फ्लेटनरची बायकोमुले स्वीडनला सुखरूप पोहोचली. होहेनएम्सर बर्लिनमध्ये त्याच्या शेजारी बसून गणिते करत राहिला. ज्यांच्यापासून माणसे वाचवायची, त्यांच्यासाठीच यंत्रे बनवायची. या मनुष्याला उलट्या फिरणाऱ्या दोन चाकांमध्ये जगण्याचा सराव फक्त कारखान्यातच नव्हता.

युद्धानंतर आंतरगुंफित पात्यांची कल्पना अमेरिकेत वाढली. १९४५च्या डिसेंबरात कनेक्टिकटमध्ये चार्ल्स कमान नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने आईच्या गॅरेजमध्ये कंपनी काढली. पाती मुळापासून पिळण्याऐवजी त्याने प्रत्येक पात्याच्या मागच्या कडेला एक चिमुकली झडप लावली. ती जराशी हलली की वाऱ्याच्याच जोराने मोठे पाते वळते. त्याची 'हस्की' हेलिकॉप्टरे जळत्या विमानापाशी जाऊन पंख्यांच्या वाऱ्याने ज्वाळा दूर सारत आणि आत अडकलेल्यांपर्यंत वाट करून देत. हा कमान उत्तम गिटार वाजवायचा. पात्यांमधली थरथर मारण्यात उमेदीची वर्षे घालवल्यावर त्याने १९६६ साली पात्यांच्याच विद्येतून गोल पाठीची 'ओव्हेशन' गिटार काढली, जिच्यात थरथर जपायची होती! शिवाय अंधांना वाट दाखवणारे जर्मन शेफर्ड कुत्रे तयार करणारी संस्था पत्नीसह उभारली ती वेगळीच. एका माणसाच्या डोक्यात इतके पंखे, आणि एकही दुसऱ्याला लागला नाही.

१९९१ साली उडालेले त्याच्या कंपनीचे 'के-मॅक्स' स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओझे उचलते: जवळपास २७०० किलो. आत आसन एकच. दोन्ही कुशींना खिडक्या फुगीर काढलेल्या, म्हणजे वैमानिकाला मान बाहेर घालून खाली लोंबणारा ओंडका न्याहाळता यावा. २०११मध्ये अफगाणिस्तानात तर ते एकुलते आसनही रिकामे ठेवून त्याने सामान वाहिले. २०२३ साली कंपनीने उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याआधीही एकदा ते थांबून पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे मी फार वाईट वाटून घेत नाही. या यंत्राच्या पात्यांची टोके दोन्ही बाजूंना बरीच खाली झुकतात, म्हणून जमिनीवरच्या माणसांना बजावलेले असते: कडेने येऊ नका, समोरून या, आणि वैमानिकाने पाहिल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नका.